सोळावी जागा

१९९६ च्या डिसेंबरात वणीच्या आमच्या संघासाठी चौदा जणांची यादी करायची होती. तालुक्यातल्याच एका गावात लेदर बॉलच्या स्पर्धा भरणार होत्या. यादी करायला आम्ही तिघं बसलो. बाकीचे दोघं चांगलं खेळलेले, मी नुसता स्कोअरर. माझं अक्षर बरं होतं आणि मागच्या तीन हंगामांची वही माझ्याकडं होती, एवढ्याच भांडवलावर मला त्या बैठकीत जागा मिळाली होती. तेरा नावं अर्ध्या तासात झाली. चौदावं नाव अण्णांचं लिहायचं की एका एकोणीस वर्षांच्या मध्यमगती गोलंदाजाचं, यावर दोनदा चहा झाला.

अण्णा (खरं नाव लिहीत नाही) तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. ट्रॅक्टर-दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं. डाव्या हाताने संथ फिरकी टाकायचे, चार पावलांच्या धावेत. माझ्या वहीत त्यांच्या षटकामागे अडीच धावाही पडत नव्हत्या. त्या पोराच्या षटकामागे जवळपास दुप्पट. हे मला तोंडपाठ होतं. तरी मत माझ्यावर आलं तेव्हा मी म्हणालो, ‘‘अण्णांचं आता वय झालं.’’ दुसऱ्या दोघांनी लगेच माना हलवल्या. त्यांना हवं असलेलं वाक्य मी बोललो होतो.

निरोप द्यायलाही मलाच पाठवलं. अण्णा गिअरबॉक्स उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘मग ती वही ठेवतो कशाला, भाऊ?’’

पुढची पंचवीस-तीस वर्षं, पतसंस्थेतली नोकरी सांभाळून, वर्तमानपत्रांतली कात्रणं, जुने धावफलक आणि मिळतील ती वार्षिकं जमवत मी त्या एका प्रश्नाभोवती फिरत राहिलो. चाळिशीकडे झुकलेला किंवा ती ओलांडलेला गोलंदाज संघात घेतात तेव्हा का घेतात, आणि वगळतात तेव्हा का वगळतात? ‘वय झालं’ हे उत्तर मला पुरत नाही. ते मी स्वतः दिलेलं असल्यामुळे तर अजिबातच नाही.

आधी शरीराचं बघू. वेगवान गोलंदाजाचं वय गुडघ्यात, घोट्यात आणि कमरेत येतं. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका पायावर येतो, आणि दिवसाला पंधरा-वीस षटकं म्हणजे तेच शंभर वेळा. फिरकी टाकणाऱ्याचं तसं नसतं. त्याची बोटं सोलवटतात, खांदा धरतो, पण टप्पा आणि दिशा ही सवयीची मालमत्ता आहे, ती उशिरा जाते. सगळ्यात आधी जातं ते क्षेत्ररक्षण. जमिनीलगतचा चेंडू अडवायला वाकणं, सीमारेषेवरून फेक करणं, चोरटी धाव घेणं. धावफलकांच्या शेजारी सामन्यांची वर्णनं ठेवून वाचली की एक गोष्ट दिसते. वयस्क गोलंदाजाचा पत्ता त्याच्या गोलंदाजीमुळे क्वचित कटतो. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात तो मैदानावर कसा दिसतो, त्यामुळे कटतो. आमचे अण्णा मिडऑनला उभे राहायचे आणि चेंडू बाजूने गेला की त्याच्याकडे नुसतं बघायचे. बैठकीत तेच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वही कोणी उघडलीच नाही.

पण हेही अर्धंच उत्तर आहे. कारण निवड समिती माणूस निवडत नसते, जागा भरत असते. रणजी संघाची यादी साधारण पंधरा-सोळा जणांची असते. त्यात सात फलंदाज, दोन यष्टिरक्षक, चार वेगवान गोलंदाज आणि दोन-तीन फिरकीपटू धरले की यादी संपते. एक डावखुरा फिरकीपटू घेतला की दुसऱ्या डावखुऱ्याला सहसा जागा राहत नाही, मग तो कितीही चांगला असो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पद्माकर शिवलकर. प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी, बळीमागे वीसपेक्षाही कमी धावा, आणि कसोटी सामने शून्य. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तामिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईचं सलग पंधरावं विजेतेपद झालं. शिवलकरांवर अन्याय झाला, हे आपण हळहळून म्हणतो. पण त्याची यंत्रणा कशी चालली ते तारखा लावून पाहावं. बिशनसिंग बेदी शिवलकरांहून सहा वर्षांनी लहान. १९६६ च्या अखेरीस बेदी कसोटीत आले तेव्हा शिवलकर सव्वीस वर्षांचे होते. म्हणजे त्या वेळी वयाचा प्रश्नच नव्हता, जागेचा होता. ती जागा बेदींनी १९७९ पर्यंत धरून ठेवली. ती रिकामी झाली तेव्हा शिवलकर अडतिशी ओलांडून गेले होते, आणि आता वयाचा प्रश्न खराखुरा उभा राहिला. जागा गेली दिलीप दोशींकडे. तेही तरुण नव्हतेच, एकतिसाव्या वर्षी त्यांनी पदार्पण केलं आणि ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. म्हणजे तिशी उलटलेला डावखुरा निवड समितीला चालत होता. चाळिशीला टेकलेला चालला नाही. तेरा वर्षं जागा नाही म्हणून थांबवलं आणि जागा झाली तेव्हा वय झालं म्हणून. दोन्ही वेळी बोलणाऱ्याला आपलं म्हणणं वाजवीच वाटलं असणार.

गंमत अशी, की हेच शिवलकर १९८७-८८ च्या हंगामात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुंबईकडून पुन्हा रणजी खेळले. १९८०-८१ नंतर थांबलेला माणूस सात वर्षांनी परत बोलावला गेला. मुंबईला तेव्हा गरज वाटली, आणि गरज वाटली की जन्मतारीख कोणी विचारत नाही.

त्याआधीचं एक नाव आता फारसं कोणाला आठवत नाही. रुस्तमजी जमशेदजी. मुंबईचे पारशी, डावखुरे फिरकीपटूच. डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडविरुद्ध भारतातला पहिला कसोटी सामना झाला, लाला अमरनाथांच्या शतकाचा. त्यात जमशेदजींनी पदार्पण केलं तेव्हा त्यांचं वय होतं ४१ वर्षं २७ दिवस. भारताकडून सर्वांत मोठ्या वयात कसोटी पदार्पण करण्याचा विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. १३७ धावांत ३ बळी घेतले आणि पुन्हा संधी मिळाली नाही. ते उशिरा पिकले असं नव्हे. पारशी संघाकडून त्यांनी वर्षानुवर्षं गोलंदाजी केली होती. कसोटी सामनाच त्यांच्यापर्यंत उशिरा पोचला. भारताने त्याआधी एकच कसोटी खेळली होती, १९३२ मध्ये, लॉर्ड्‌सवर.

इथे मला थोडं लांब, अमेरिकेत जायचं आहे. आपल्याकडे बंद खोलीत, तोंडी आणि संकोचाने होणारा हा व्यवहार तिथल्या बेसबॉलमध्ये लेखी नियमांनी आणि उघड्यावर होतो. २०१२ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर कोपऱ्यात चार ओळी वाचल्या होत्या, की जेमी मॉयर नावाच्या एकोणपन्नास वर्षांच्या पिचरने सामना जिंकला. मी ते कात्रण अण्णांच्या पानाला डकवलं आणि त्या खेळाच्या मागे लागलो.

पिचर म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या तीसही संघांची शिबिरं भरतात, पंधरांची फ्लोरिडात आणि पंधरांची अ‍ॅरिझोनात. त्याला वसंतातला सराव म्हणतात. संघाची मोठी यादी चाळीस जणांची, आणि हंगाम सुरू होताना मैदानावर न्यायची यादी सव्वीस जणांची. त्यात पिचर जास्तीत जास्त तेरा. शिबिराला मात्र साठ-सत्तर खेळाडू येतात, कारण चाळिसांच्या यादीत नसलेल्यांनाही आमंत्रण देता येतं. उतरत्या वयाचे पिचर बहुधा याच दारातून आत येतात. कनिष्ठ संघाचा साधा करार, शिबिराचं आमंत्रण, आणि यादीत आलास तर मोठा पगार.

आता प्रशिक्षक काय बघतात? मला वाटलं होतं, सराव सामन्यांतले आकडे. पण जाणते लोक त्यांना फार किंमत देत नाहीत. डाव थोडे, समोर कधी नामांकित फलंदाज तर कधी काल आलेलं पोर, त्यात अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत फटका लांब जातो. शिवाय जुना पिचर सराव सामन्यात एखादाच चेंडू घोटवत बसतो, मार पडला तरी. म्हणून बघतात ते हे, की हात दुखत नाही ना, वेग मागच्या वर्षीइतका आहे का, सलग दोन दिवस टाकू शकतो का, आणि हव्या त्या जागी चेंडू पडतो का.

पण खरा निकाल लागतो तो आणखी एका गोष्टीवर, आणि ती वाचली तेव्हा मी वही खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो. तिथे तरुण खेळाडूला तीन हंगामांपर्यंत, संघाला वाटेल तेव्हा, कनिष्ठ संघात पाठवता येतं. तो संघाचाच राहतो. जुन्या खेळाडूला तसं पाठवता येत नाही. त्याची ती वर्षं संपलेली असतात, खाली पाठवायचा तर आधी इतर संघांना तो उचलण्याची संधी द्यावी लागते. साध्या करारावर आलेल्या ठरावीक अनुभवाच्या खेळाडूला तर हंगामाच्या पाच दिवस आधी ‘घ्या, नाहीतर मी मोकळा’ असं म्हणण्याचा हक्क असतो. म्हणून तेरावी जागा एक आणि उमेदवार दोन, साधारण सारख्याच ताकदीचे, अशी वेळ आली की संघ बहुतेकदा जुन्याला ठेवतो आणि तरुणाला खाली पाठवतो. जुना जास्त चांगला आहे म्हणून नव्हे. पोराला खाली पाठवलं तर दोघंही हाताशी राहतात, जुन्याला सोडलं तर एकच उरतो. महिनाभराने कोणाचा तरी खांदा धरणार आणि दुसरा लागणार, हे सगळ्यांना माहीत असतं.

आणखी एक फरक आहे. बेसबॉलच्या पिचरला क्षेत्ररक्षण नावापुरतं करावं लागतं, आणि २०२२ पासून तर त्याच्या वाट्याची फलंदाजीही कायमची दुसराच खेळाडू करतो. मिडऑनला उभं राहून चेंडूकडे बघत बसणारे आमचे अण्णा तिथे कोणाच्या डोळ्यांवर आले नसते.

मॉयर हे सगळं पार करून गेला. कोपराची शस्त्रक्रिया झालेली, २०११ चा हंगाम पूर्ण वाया गेलेला, चेंडूचा वेग ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास. तरुण पिचर दीडशेच्या घरात फेकतात. कोलोरॅडो रॉकीजच्या शिबिराला तो आमंत्रित म्हणून आला, यादीत शिरला, आणि १७ एप्रिल २०१२ ला तिथल्या मुख्य स्पर्धांच्या इतिहासातला सामना जिंकणारा सर्वांत वयस्क पिचर ठरला. दीड महिन्यात मार पडू लागला आणि संघाने त्याला सोडलं. तेही तिथे तितकंच उघडपणे होतं. (मॉयरचा आणि आपल्या जमशेदजींचा जन्मदिवस एकच आहे, १८ नोव्हेंबर. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला आवडतं.)

पुढच्याच वर्षी आपल्याकडे प्रवीण तांबे आले. ते आणि मी एका वर्षाचे, १९७१ चे, म्हणून त्यांच्या बातम्या मी जरा जास्तच मन लावून वाचल्या. मुंबईच्या क्लब आणि ऑफिस क्रिकेटमध्ये आयुष्य गेलेला हा लेगस्पिनर मे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सकडून आयपीएलमध्ये उतरला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता, आणि त्याने तोवर एकही प्रथम दर्जाचा सामना खेळलेला नव्हता. पुढे त्याच्यावर सिनेमा निघाला, त्यात जिद्द आहे आणि ती खरीही आहे. पण जिद्द वीस वर्षं होतीच. २०१३ मध्येच दार का उघडलं?

मला दोन कारणं दिसतात. त्या काळी देशाकडून न खेळलेल्या भारतीय खेळाडूला लिलावाबाहेर थेट करार देता येई, २०१४ पासून असे खेळाडूही लिलावात आले. लिलावाच्या यादीत एक्केचाळीस हा आकडा आणि रणजीच्या रकान्यात शून्य वाचून कोणी हात वर केला असता, असं मला वाटत नाही. थेट करारात मात्र समोर चेंडू टाकणारा माणूस दिसतो, आणि त्या संघाचा कर्णधार राहुल द्रविड होता. दुसरं कारण जागेचं. त्याच मे महिन्यात स्पॉट-फिक्सिंगच्या प्रकरणात त्या संघाचे तीन खेळाडू निलंबित झाले. त्यांतले दोघं फिरकीपटू होते. सप्टेंबरात चॅम्पियन्स लीग आली तेव्हा संघाला फिरकीपटू हवाच होता. तांबेंनी पाच सामन्यांत बारा बळी घेतले, स्पर्धेत सर्वाधिक. त्यानंतर, बेचाळिसाव्या वर्षी, मुंबईने त्यांना रणजी खेळवलं. म्हणजे राज्याच्या संघात ते आयपीएलच्या शिफारशीवर आले. आपल्या निवडीची शिडी उलटी लावल्यावरच हा माणूस तिच्यावर चढू शकला.

अमेरिकेतल्या आमंत्रितासारखी जागा आता आपल्याकडेही तयार झाली आहे. तिला नेट बोलर म्हणतात. मोहित शर्मा २०१४ मध्ये आयपीएलचा सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज होता. २०२२ मध्ये तो गुजरात टायटन्सकडे नेटमध्ये फलंदाजांना सराव देत होता. पुढच्या वर्षी पन्नास लाखांच्या पायाभूत किमतीला घेतला गेला आणि चौतिसाव्या वर्षी त्या हंगामात २७ बळी घेऊन गेला. रोज डोळ्यांसमोर चेंडू टाकत राहणं, एवढीच त्याची निवड चाचणी.

महाराष्ट्राच्या रणजी संघाचं गणित आणखी वेगळं. इथे दुसऱ्या राज्यातले तीनपर्यंत खेळाडू घेता येतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्राने अडतीस वर्षांच्या जलज सक्सेनाला केरळकडून आणलं. रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी असा दुहेरी पल्ला गाठणारा तो पहिला खेळाडू. पहिलाच सामना केरळशी होता. महाराष्ट्र ५ बाद १८ असताना त्याने ऋतुराज गायकवाडला साथ देत ४९ धावा केल्या. बाहेरचा वयस्क माणूस घेतला की घरच्या एका तरुणाची जागा जाते, अशी तक्रार नाशिकमध्येही ऐकली. ती खोटी नाही. पण तेविशीच्या आतल्या तरुणाला सी. के. नायडू स्पर्धेत खेळवता येतं, हाक मारली की तो येतो. अडतीस वर्षांच्या माणसाला थांब म्हणायला दुसरी जागाच नसते. बेसबॉलवाल्यांनी जे कागदावर लिहून ठेवलंय, ते आपल्याकडे न लिहिता तसंच आहे. फरक एवढाच, की तिथे जुन्या खेळाडूच्या हातात एक हक्क असतो. आपल्याकडे त्याच्या हातात काहीच नसतं, निरोप येण्याची वाट बघणं सोडलं तर.

आमच्या १९९६ च्या यादीलाही हेच लावून पाहिलं. एकोणीस वर्षांचा पोरगा कुठे जाणार नव्हता. पुढच्या वर्षी तो आला असताच. अण्णांना पुढचं वर्ष नव्हतं. त्या स्पर्धेनंतर त्यांनी बूट माळ्यावर टाकले. आम्ही मात्र पोराला ‘संधी’ दिली, जी त्याला पुढेही दहा वेळा मिळणार होती.

जानेवारी २०२५ मध्ये नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध बडोदा सामना होता. मी अण्णांना विचारलं, येता का? ते आता सत्तरीत आहेत, गुडघ्यांनी धरलंय, पण लगेच टोपी घातली. वणीहून सकाळच्या एसटीने गेलो. महाराष्ट्राने तो सामना ४३९ धावांनी जिंकला, पण आम्ही एकच दिवस होतो. अण्णांनी धावफलकाकडे फारसं पाहिलं नाही. मिडऑनला कोण उभा आहे ते मात्र दर दोन षटकांनी विचारत होते.

जेवणाच्या सुट्टीत मी पिशवीतून ती जुनी वही काढली. अठ्ठावीस वर्षं हे बोलायचं राहिलं होतं. त्यांचं पान उघडून पुढे धरलं आणि म्हणालो, ‘‘अण्णा, तुमचं नाव यायला हवं होतं. मला आकडे माहीत होते.’’

त्यांनी चष्मा लावला, पान लांब धरून पाहिलं.

‘‘यात नो-बॉल किती माझे?’’

‘‘एकही नाही.’’

‘‘वाइड?’’

मी बोट फिरवत मोजले. ‘‘तीन हंगामांत चार.’’

‘‘चार नव्हते,’’ अण्णा म्हणाले. ‘‘दोन होते. ते खेडगावचे दोन अंपायरने उगाच दिले होते.’’ आणि वही मिटून माझ्याकडे देत त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं.